जिताड्याचा रॉड

"ह्याला हलकासा दाखवा कायतरी, हातिमभाई. एका हातानं झेपेल असा," काशिनाथ म्हणाला, आणि माझ्या कानशिलातली शीर ताडताड उडायला लागली.

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. तोंड शाबूत होतं, जीभ शाबूत होती. गेला होता तो डावा हात, कोपराच्या खाली चार बोटांएवढा तुकडा सोडून. पण काशिनाथने ठरवूनच टाकलं होतं की आता माझ्या वाटचं बोलायचंसुद्धा त्यानेच.

हातिमभाईंचं दुकान पनवेलला बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे कोळ्यांसाठी नायलॉनचे दोर, जाळी, शिशाच्या गोळ्या. आतल्या भिंतीवर आमच्यासारख्या हौशी लोकांचे रॉड आणि रिळं. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी माझ्या शर्टाच्या पिन लावून दुमडलेल्या बाहीकडे एकदा पाहिलं आणि काशिनाथला विचारलं, "टाकणार कुठं?"

"हितंच, गावच्या तळ्यात. जरा वेळ जायला."

हातिमभाईंनी काउंटरखालून एक पिवळा रॉड काढला. छोटासा, त्याच्यावर बसवलेलं प्लॅस्टिकचं रीळ. शाळेतल्या मुलांना वाढदिवसाला देतात तसला. तो काशिनाथने हातात घेतला, दोनदा हवेत हलवला आणि खूश होऊन माझ्यापुढे धरला.

"बग जना, कापसासारका हाय. दमायला नाय व्हनार."

"ठेव तो खाली," मी म्हणालो.

"अरे, धरून तरी बग."

"खाली ठेव म्हणतोय ना!"

दुकानात जाळं मोजून घेणारी दोन माणसं वळून बघायला लागली. मी काउंटरवर पंजा टेकला. "हातिमभाई, मला विचारा. गिऱ्हाईक मी आहे. मला कास्टिंगचा रॉड हवाय. उघाडीवर टाकायचाय. जिताड्यासाठी."

काशिनाथने मान खाली घातली. त्याच्या त्या समजूतदार चेहऱ्यावर मला त्या क्षणी चप्पल मारावीशी वाटली.

खाडीकाठच्या माणसाला जिताडा काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आमच्या पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात ह्या माशाला जो मान आहे तो जावयालाही नाही. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचे बांध घातलेले असतात, आणि आतलं पाणी बाहेर सोडायला त्या बांधांना झडपांचे दरवाजे. त्यांना आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडीतून पाणी धावत सुटतं, पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी, आणि ती गिळायला जिताडा खांबांच्या आडोशाला तोंड करून उभा राहतो. तिथे नेमका नकली मासा फेकायचा आणि तो खांबांत घुसायच्या आत त्याला बाहेर ओढायचं. शाळा सुटल्यापासून काशिनाथ आणि मी दर उधाणाला हेच करत आलो होतो.

माझं वडखळ नाक्याजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. पत्रा वाकवायच्या मशिनमध्ये माझा हात गेला. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता. मी इस्पितळात होतो तेव्हा काशिनाथ घरी आला आणि माझे तिन्ही रॉड घेऊन गेला. तळ्यातल्या मरळीसाठी हलका, उघाडीसाठी मधला आणि खडकावरून समुद्रात टाकायचा जाडजूड. तिन्ही त्याने नातेवाइकांत वाटून टाकले. "डोळ्यांसमोर राहिले असते तर तुला तरास झाला असता," असं त्याने मला नंतर सांगितलं, तेसुद्धा हळू आवाजात, माझ्या पाठीवरून हात फिरवत. तेव्हा माझ्यात भांडायची ताकदच नव्हती. पण ते माझ्या पोटात तसंच राहिलं, न जिरलेल्या घासासारखं. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि मनातल्या मनात ते तीन रॉड एकेक करून काशिनाथच्या पाठीत मोडायचो.

शेवटी एके दिवशी मीच उठलो आणि म्हणालो, मला रॉड घ्यायचाय. काशिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच डोळ्यांनी तो मला मोटारसायकलवर मागे बसवून पनवेलला घेऊन आला होता.

हातिमभाईंनी पिवळं खेळणं आत सरकवलं. चष्मा कपाळावर चढवला.

"कास्टिंग रीळ वर बसतं, जनार्दनशेठ. फेकताना अंगठा दोऱ्यावर. जरा चुकला की सगळा दोरा घरटं होऊन बसतो. दोन हातवाले पण रडतात माझ्याकडे येऊन. तुम्ही घरटं कशानं सोडवणार?"

"दातांनी."

"आणि फिरवणार कसं? रॉड कोण धरणार?"

"तेच बघायला आलोय. तुमच्याकडे रॉड नसतील तर तसं सांगा."

"रॉड लई आहेत," हातिमभाईही चिडले. "माणूस रॉडला शोभला पाहिजे. उद्या मोडला तर माझ्या नावानं शिमगा करणार तुम्ही."

का कोण जाणे, मला त्यांचं ते चिडणं बरं वाटलं.

त्यांनी भिंतीवरून एकामागून एक रॉड काढले. मला आता तीन बाळगणं शक्य नव्हतं. एक हात, त्यात पिशवीही, रॉडही. त्यामुळे एकच हवा होता, पण मरळीपासून जिताड्यापर्यंत सगळ्याला पुरणारा. पहिला काढला तो लोखंडी सळईसारखा ताठ. मोठा मासा त्याने ओढला असता, पण हलका नकली मासा चार हात पुढे गेला नसता. दुसऱ्याचं टोक छान लवायचं, पण हातिमभाईंनी त्याच्या दोऱ्याला शिशाने भरलेला डबा बांधून मला उचलायला लावला तेव्हा तो पार मुठीपर्यंत वाकला. असला रॉड घेऊन जिताड्याला खांबांपासून अडवणं म्हणजे पळत्या बैलाला सुतळीने बांधणं.

"हा बघा," ते म्हणाले.

तो सात फुटी होता, काळा, जरासा पुसट झालेला. टोक अर्ध्या हातापर्यंत वाकलं आणि तिथे थांबलं. त्याच्या खाली सगळं बळ. मी डबा उचलला. रॉड कुरकुरला नाही. पण मी बघत होतो ते वेगळंच. त्याची मागची मूठ लांब होती. फेकल्यासारखं करून ती मूठ मी डाव्या कोपरात सरकवली आणि उरलेला हात दुमडून घट्ट दाबला. रॉड बसला. उजवा हात रिळाची दांडी फिरवायला मोकळा झाला. बाकीचे रॉड ह्या कोपरातून निसटत होते, कारण त्यांची मूठ वीतभर तोकडी होती.

"दुखेल," हातिमभाई म्हणाले. "बरगडीला लागेल."

"लागू दे."

"जना, ऐक माजं," काशिनाथ मध्ये पडला. "मासा लागला तं मी हायच की बाजूला. मी धरीन रॉड, तू नुसतं फिरव."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रॉड घेतला, रीळ लावून घेतलं, दोऱ्याला गळाशिवायचं शिसं बांधलं आणि गल्लीत जाऊन फेकलं. पहिल्या फेकीला घरटं झालं. दुसऱ्या फेकीला शिसं समोरच्या बंद शटरवर धाडकन आदळलं आणि रस्त्यातली माणसं दचकून बाजूला झाली. तिसऱ्या फेकीआधी काशिनाथने माझं मनगट धरलं, "पुरे आता, लोक बगतात."

"बघू देत! तू लाजतोस कशाला? हात तुझा गेलाय का?"

त्याने मनगट सोडलं. मी आत जाऊन रॉडचे पैसे मोजले.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी घरामागच्या कापलेल्या शेतात उभा राहायचो. एक टोपली ठेवायची आणि तिच्यात शिसं पाडायचं. आठवडाभर ते टोपलीत सोडून सगळीकडे पडलं. घरट्यावर घरटी झाली. मी ती खरोखरच दातांनी सोडवली. माझी बायको वैजयंती अंगणवाडीतून आली की मागच्या दारात उभी राहायची. बघत राहायची. मी ओरडायचो, "आत जा! इथं काय सिनेमा चालू आहे?" ती आत जायची. बरगडी काळीनिळी झाली. मग केव्हातरी अंगठ्याला ते जुनं ज्ञान परत आलं, आणि शिसं टोपलीत पडायला लागलं.

दिवाळी झाल्यावर काशिनाथ आला. चेहरा उजळलेला.

"एक जागा गावलीय. कोलेखारच्या मागं. पावसाळ्यात बांध फुटला आनि खाडीचं पानी आत शिरलं. जिताडं अडकलीत आत. कुनाला म्हाईत नाय अजून."

"उघाडीवर जाऊ," मी म्हणालो.

"उघाडीवर चिखल लई. तू घसरशील. हितं काठ चांगला हाय."

मला राग आला, पण मोहही पडला. आम्ही गेलो.

जागा म्हणजे एक लांबट तळं होतं. काठावर गवत कापून साफ केलेलं. पाणी स्थिर, हिरवट. मला तेव्हाच विचारायला हवं होतं की फुटलेला बांध कुठे आहे. पण मी विचारलं नाही. मी नकली मासा फेकला, दोन वेळा रीळ फिरवलं, तिसऱ्या वेळी पाणी फाटलं आणि रॉड कोपरात असा हिसडला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. जिताडा! तो एकदा उसळला, दोनदा उसळला, आणि मग लवकरच दमला. फारच लवकर. काशिनाथ पाण्यात उतरून त्याला कवेत घेऊन वर आला तेव्हा मी लहान पोरासारखा रडत होतो.

गावात शिरेपर्यंत बातमी पुढे गेली होती. आळीतली माणसं अंगणात जमली. कुणी माझी पाठ थोपटली, कुणी माशाबरोबर माझा फोटो काढला. काशिनाथ सगळ्यांना सांगत होता, "एकट्यानं काढलान! मी हातसुदा लावला नाय!" मी हसत होतो. अपघातानंतर पहिल्यांदा हसत होतो.

माणसं पांगली. काशिनाथ आंघोळीला घरी गेला. रात्री जेवायला येणार होता. वैजूने विळी घेतली आणि मागच्या पडवीत मासा कापायला बसली. मी समोर पाटावर बसलो. मला त्या माशावरून नजर हलवायची नव्हती. तिने पोट चिरलं आणि आतडी बाहेर ओढली. मी सहज म्हणालो, "पोटात काय आहे बघू. कोळंबी असेल."

"काय बघायचंय घाणीत," ती म्हणाली आणि आतड्यांवर पटकन केळीचं पान टाकलं.

तिचा हात जरा जास्तच चपळ होता.

मी पान बाजूला केलं. जिताड्याचं पोट बोटांनी फाडलं. आत कोळंबी नव्हती, बोयसारखी बारीक मासळी नव्हती, खेकड्याचं कवच नव्हतं. कोंबडीची आतडी होती. पांढरट, लांबच लांब, दुकानात साफ करून टाकतात ती. खाडीतल्या जिताड्याला कोंबडी कोण खिलवतो? पाळलेल्याला खिलवतात. ज्याच्या शेततळ्यात तो विकण्यासाठी वाढवलेला असतो, तो मालक खिलवतो.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येत गेली. कापलेलं गवत. हिरवं स्थिर पाणी. पोट भरून सुस्त झालेला मासा. आणि माझ्या मागे, चुलीशेजारी, अर्धवट झाकून ठेवलेलं वाटण. खोबरं, मिरची, कोथिंबीर, ताजं, हिरवंगार. आम्ही मासा घेऊन येण्याआधीच वाटून ठेवलेलं.

मी उठलो. अर्धवट चिरलेला मासा कल्ल्यात बोटं घालून उचलला.

"अहो, कुठं निघालात? अहो!"

मी तसाच आळीतून चालत गेलो. रक्त माझ्या पायजम्यावर गळत होतं. काशिनाथ अंगणात दगडावर बसून अंगाला साबण लावत होता. मी तो मासा त्याच्या पुढ्यात आपटला. साबणाचं पाणी आणि रक्त त्याच्या तोंडावर उडालं.

"कुणाचं तळं?"

"काय?"

"तळं कुणाचं ते सांग! कुणाच्या हातापाया पडलास माझ्यासाठी? काय सांगितलंस त्याला? आमचा थोटा आलाय, त्याला एक मासा पकडू द्या, असं?"

"जना, आवाज हळू…"

"हळू का? सगळा गाव माझे फोटो काढत होता तेव्हा हळू होतास का? माझे रॉड वाटलेस, मला विचारलंस? दुकानात माझ्या वतीनं बोललास, मला विचारलंस? मी मेलो असतो तर बरं झालं असतं तुला. एकदाच रडून मोकळा झाला असतास."

काशिनाथच्या डोळ्यांत साबण गेला असेल किंवा दुसरं काही. तो डोळे चोळत उभा राहिला. "चुकलं माजं," तो म्हणाला. "माजीच आयड्या होती. वयनींना कायच म्हाईत नव्हतं."

खोटं बोलायचंही त्याला नीट जमत नव्हतं. त्या शहाण्याला ते वाटण ठाऊक नव्हतं.

"माझ्या दाराची पायरी चढू नकोस," मी म्हणालो आणि परत फिरलो.

वैजू आमच्या दारात उभी होती. हात रक्ताने माखलेले तसेच.

"त्याला कशाला बोललात? ते माझं होतं. मी सांगितलं त्याला तळ्यावर न्यायला. तो नको नको म्हणत होता. मी हात जोडले."

"का?"

"का?" तिचा आवाज चिरकला. मला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. ती पुढे आली आणि पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिने मला अरे-तुरे केलं. "का विचारतोस? तुझा हात गेला, माझं काय काय गेलं ते विचारलंस कधी? भिंतीकडे तोंड करून पडतोस. पाणी दिलं तर ओरडतोस, नाही दिलं तर ओरडतोस. अंगणवाडीतल्या पोरांना मी हसून बोलते आणि घराच्या वळणावर येऊन उभी राहते. पाय उचलत नाही माझा आत यायला. मला एक दिवस हवा होता. एक दिवस, तू हसलेला. खोटा तर खोटा. मी मागितला आणि मिळवला. माफी मागणार नाही मी!"

मी आणखी चिडलो. "तो मासा ह्या घरात शिजणार नाही," मी म्हणालो.

ती पायांत चपला सरकवून बाहेर पडली. काशिनाथच्या अंगणातून तो मासा उचलून घेऊन आली. चार पाण्यांनी धुतला, त्याच्या तुकड्या केल्या, त्या वाटणात कालवण केलं. मग माझ्यासमोर पाट मांडून, भात वाढून घेऊन, ती एकटी जेवली. सावकाश, काटे काढून, पाणी पिऊन. मी बघत बसलो होतो. घरभर जिताड्याच्या कालवणाचा वास दरवळत होता आणि माझ्या पोटात आग पडली होती, आणि ती माझ्याकडे सरळ बघत शेवटची तुकडी चोखत होती.

त्यानंतर काशिनाथ फिरकला नाही.

अमावास्येला उधाण होतं. भरती टेकून पाणी वळायच्या बेताला मी रॉड घेतला, पिशवी गळ्यात अडकवली आणि बांधाबांधाने उघाडीकडे चालत गेलो. कुणाला सांगितलं नाही. काशिनाथ म्हणाला होता ते खरं होतं. चिखल लई होता. मी दोनदा घसरलो. दुसऱ्या वेळी नसलेला हात टेकायला गेलो आणि तोंडावर पडलो. दातांत माती आली. मी ती थुंकलो. देवाला, मशिनला, काशिनाथला, वैजूला आणि स्वतःला एकेक शिवी दिली आणि उठलो.

झडपांतून पाणी सुटलं होतं. खांबांजवळ फेस फिरत होता. मी पाय रोवले आणि टाकला. नकली मासा खांबाच्या पलीकडे पडला. चुकलं. पुन्हा टाकला. अलीकडे पडला. पुन्हा टाकला, पुन्हा. बरगडी भणभणायला लागली. ऊन पाठीवर आलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एकदा तो नकली मासा नेमका दोन खांबांच्या मधल्या काळ्या पाण्यात पडला; मी मूठ कोपरात सरकवली, रीळ जेमतेम अर्धा वेढा फिरवलं, आणि कुणीतरी खालून दरवाजा लोटावा तसा धक्का बसला.

हा सुस्त नव्हता. ह्याने रॉडचं टोक पाण्यात घातलं. रिळातून दोरा करकरत सुटला. तो एकदा वर आला. लालबुंद डोळा, उघडा जबडा, माझ्या मांडीएवढा जाड. आणि मान झटकून पुन्हा खाली गेला. रॉड वाकला, पण थांबायचा तिथे थांबला. मी मागे रेललो. तो माझ्याकडे आला. मी फिरवलं. तो पुन्हा गेला. माझ्या डोळ्यांत घाम होता, काही दिसत नव्हतं, पण मासा कुठे आहे ते मला कोपरातून कळत होतं. त्या उरलेल्या चार बोटांएवढ्या तुकड्यातून कळत होतं.

आणि मग तो वळला. खांबांकडे.

मी घाबरलो. दांडी सोडली आणि अंगठा दोऱ्यावर दाबला, सगळं बळ लावून.

फट्.

रॉड सरळ झाला. तुटलेला दोरा वाऱ्यावर तरंगत परत आला. पाणी पहिल्यासारखं धावत राहिलं.

"अरे गाढवा!"

मी दचकून मागे पाहिलं. बांधाच्या वळणावर, तिवरांच्या झुडपांआडून, काशिनाथ धावत येत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतर खोचलेलं, तोंड लाल.

"अंगठा कशाला दाबलास, बैला! रीळ सोडत व्हतं ना दोरा? सोडू द्यायचा! लागला असता खांबाला तं लागला असता! इतकी वर्सं काय गवत उपटत व्हतास काय हितं? असला जिताडा… असला जिताडा माज्या बापानं नाय बगितला, आनि तू फुकट घालवलास, मूर्खा!"

तो माझ्या तोंडासमोर येऊन ओरडत होता. थुंकी उडत होती. मला त्या क्षणी एवढंच कळलं की मशिनमध्ये हात गेल्यापासून माझ्यावर कुणीही ओरडलं नव्हतं. त्या दिवशी वैजू, आणि आज हा.

"तू कधीपासून आहेस इथं?" मी ओरडलो.

"तू पयल्यांदा आपटलास तवापासून!"

"मग उचलायला का नाही आलास?"

"तूच म्हनालास ना, पायरी चढू नको! मरू दे म्हटलं!"

"मासा लागला तेव्हा तरी यायचं होतंस!"

"कशाला? परत मासा तोंडावर मारून घ्यायला?" त्याने टोपी काढून चिखलात आपटली. "दाबलास कशाला, सांग ना! टाकलास कसला झकास, दोन खांबांच्या मदी! मला नसता जमला. आनि मग दाबतोस?"

"घाबरलो," मी म्हणालो.

"हां! घाबरलास! मग सांग तसं!"

आम्ही दोघं धापा टाकत उभे राहिलो. खाली पाणी अजून ओहोटीच्या ओढीला होतं. अजून वेळ होता. मी बांधावर फतकल मारली, पिशवीतून दुसरा नकली मासा काढला आणि गाठ मारायला घेतली. काशिनाथचा हात आपोआप पुढे आला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने हात मागे घेतला, खिशातून बिडी काढून पेटवली आणि समोरच्या दगडावर बसून बघत राहिला.

मी दोरा दातांत धरला, टोक कडीतून ओवलं, वेढे दिले. गाठ सुटली. पुन्हा ओवलं. ओढताना दोरा दातांतून निसटला आणि नकली मासा टुणकन उडून माझ्याच मिशीला लटकला.

काशिनाथ हसला. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग पोट धरून, बिडी चिखलात पडेपर्यंत. मिशीला मासा तसाच लटकत असताना मी त्याला येत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. त्याने मदत केली नाही.

मी गळ सोडवला, गाठ मारली, ओढून बघितली. पक्की होती. उठलो, आणि पुन्हा टाकला.